कोड म्हणजे निदान नव्हे

आपल्या समाजातील कितीतरी मुले गॅरेजच्या धंद्यात आहेत. केबलच्या जमान्यात रेस न घेणाऱ्या गाडीचा दोष डोळ्यांना दिसत असे. आता पेडलवरचा सेन्सर संगणकाला खबर देतो आणि संगणक छोट्या मोटरकरवी थ्रॉटलची झडप उघडतो. पेडलवर दोन, झडपेवर दोन असे सेन्सर असतात. जोडीतल्या दोघांची साक्ष जुळली नाही की संगणक दिवा पेटवतो आणि पिकअप मुद्दाम तोडतो. गाडी बेफाम सुटू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

मग स्कॅनर लागतो. पी २१३५ कोड दिसला की 'थ्रॉटल बॉडी बदला' असे सांगून गिऱ्हाईकाच्या माथी हजारोंचा खर्च मारला जातो. टॅक्सीवाला असेल तर हप्ता चुकतो. वास्तविक हा कोड एवढेच सांगतो, की दोन सेन्सरचे व्होल्टेज जुळत नाही. कारण सैल कनेक्टर, गंजलेली पिन किंवा खराब अर्थिंगही असू शकते. मल्टिमीटरने ५ व्होल्टचा पुरवठा व अर्थिंग तपासावे, वायरिंग हलवून आकडा उडतो का पाहावे. गिऱ्हाईकाची गाडी अमानत आहे; एवढे केल्याशिवाय पार्ट मागवणे आम्हाला पटत नाही.

कोड नसून आयडलिंग खालीवर होत असेल तर बहुधा कार्बन साचलेला असतो. तो साफ करताना चावी बंद ठेवावी, झडप बोटाने जोरात ढकलू नये. नंतर पुष्कळ गाड्यांत संगणकाला झडपेची जागा नव्याने शिकवावी लागते.

उस्तादांनी शागिर्दाच्या हाती पान्याबरोबर मल्टिमीटरही द्यावा. स्कॅनरपेक्षा तो पुष्कळ स्वस्त मिळतो.