बोटांचे सेन्सर बदलून मिळत नाहीत!

सेन्सर म्हटलं की आपल्याला स्ट्रेन गेज आणि थर्मोकपल आठवतात. पण न बघता खिशातलं नेमकं रुपयाचं नाणं शोधणारी आपली बोटं? त्या कातडीत निसर्गाने अख्खी इन्स्ट्रुमेंटेशन लॅब बसवली आहे! वरच्या थराच्या तळाशी मर्केलच्या पेशी असतात. त्या कडा आणि दाब ओळखतात. त्यांच्याजवळच माइसनरची टोकं, हातातली वस्तू निसटू लागली की खबर देणारी. आणि खोलवर पॅसिनीची, कांद्यासारख्या पापुद्र्यांची, साधारण मिलिमीटरभर लांब. सावकाश आलेला दाब हे पापुद्रे पचवतात, जलद कंपन मात्र आतल्या चेतातंतूपर्यंत पोचू देतात. म्हणजे चक्क हाय-पास फिल्टर! १८३१ साली फिलिप्पो पॅसिनीला ती दिसली, तेव्हा तो आपल्याच वयाचा विद्यार्थी होता.

आता भंडारा जिल्ह्यात या. तुमसर तालुक्यात चिखल्याला मॉयलची मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणींत सुरुंगासाठी खडकाला भोकं पाडायला जॅकहॅमर वापरतात. मिनिटाला दोन हजारांच्या घरात ठोके, म्हणजे तीसेक हर्ट्झ. नेमका माइसनरचा पट्टा! वर्षानुवर्षं असं मशीन धरलं तर बोटातले चेतातंतू आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ शकतात. मग थंडीत बोटं पांढरी पडतात, शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. अमेरिकेत इंडियानातल्या दगड घडवणाऱ्या कामगारांमध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी हे १९१८ सालीच नोंदवलं होतं.

कॉन्व्हेंटमध्ये मला या सगळ्यासाठी 'नम्ब' हा एकच शब्द मिळाला. मराठीत आधी हाताला मुंग्या येतात, मग तो बधिर होतो. कामगाराला मुंग्यांबद्दल वेळेवर विचारलं, तर पुढचं टळू शकतं.

पण हा विषय एकट्या डॉक्टरांचा नाही, आपला आहे. 'हातमोजे द्या, झालं' असं म्हणून भागत नाही, कारण कमी फ्रिक्वेन्सीचं कंपन साध्या हातमोज्यातून आरपार जातं. युरोपने २००२ साली आठ तासांच्या पाळीसाठी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही मर्यादा घातली, आणि २.५ ओलांडलं की उपाय सुरू करणं बंधनकारक केलं. आपण प्रोजेक्टमध्ये ड्रिलचा वेग काढतो, हवेचा दाब काढतो, खर्च काढतो. मुठीवरचं कंपन कोण मोजतं? अ‍ॅक्सिलरोमीटर लॅबच्या कपाटात पडूनच असतो. यंदा फायनल इयरच्या एका तरी ग्रुपने तो हँडलला लावावा आणि कंपन शोषणारी मूठ बनवून दाखवावी. मशीनचा सेन्सर जळला तर स्टोअरमधून नवा येतो. बोटांसाठी असं स्टोअर नाही!