खेळता खेळता मराठी



मराठीचा तास म्हणजे फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवून घेण्याचा तास, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटते. निबंध पाठ करावा, परीक्षेत लिहावा आणि विसरून जावा, अशी रीतच पडली आहे. माझ्या मते ही रीत बदलली पाहिजे. उतरवून घेतल्याने अक्षर सुधारत असेल. भाषा येते ती बोलल्याने, खेळल्याने आणि स्वतःच्या मनातले लिहिल्याने.

आपल्या बैतबाजीचेच उदाहरण घ्या. एकाने शेर म्हणायचा आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने नवा शेर म्हणायचा. या खेळाच्या ओढीने मुले कितीतरी शेर आपणहून पाठ करतात. मराठीतल्या भेंड्याही अशाच असतात. प्राथमिक वर्गातली तुमची लहान भावंडेसुद्धा शब्दांच्या भेंड्या खेळू शकतील: कागद, दगड, डबा, बाजार, रस्ता!

दुसरा खेळ तीन कोपऱ्यांचा. उर्दूत लिंगे दोन, तर मराठीत तीन. म्हणूनच 'मेरी किताब' म्हणणारा मुलगा चटकन 'माझी पुस्तक' असे लिहून जातो. वर्गाच्या तीन कोपऱ्यांना 'तो', 'ती' आणि 'ते' अशी नावे द्या. एकाने शब्द उच्चारावा आणि बाकीच्यांनी योग्य कोपरा गाठावा. दरवाजा 'तो', खिडकी 'ती', पुस्तक 'ते'. हसतखेळत सुधारलेली चूक चांगली लक्षात राहते.

तिसरा खेळ लिहिण्याचा. अर्ज, वकील, हजर, तारीख असे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून दोन्ही भाषांत आले. काहींचा अर्थ मात्र मराठीत बदलला. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे प्रयत्नांत काहीही कसर न ठेवणे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत पैलवान तालमीत कसरत करतो आणि नाटकाचीही तालीम होते. उर्दूतली 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीतली 'हरकत' म्हणजे आक्षेप. अशा शब्दांची यादी करा, प्रत्येकावर एक गमतीदार वाक्य रचा आणि वर्गात वाचून दाखवा.

'खेळात वेळ गेला तर अभ्यासक्रम कधी संपणार?' असे काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु विषय थोडा बदलला की पाठ केलेला निबंध कामाला येत नाही, हेही खरे आहे. शिवाय मराठी केवळ परीक्षेपुरती नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानुसार मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा आहे. शिधापत्रिकेचा अर्ज, सातबारा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस हे सारे मराठीत असते. घरात शिकलेली मुले असूनही अब्बांना साधा अर्ज पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागला, तर त्या शिक्षणाचा काय उपयोग?

उर्दू ही तुमच्या घरची भाषा आहे. ती जरूर जपा. मराठी शिकल्याने ती कमी होणार नाही. मराठीही आपल्याला परकी नाही. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ सतराव्या शतकात मराठीतच लिहिला.

तेव्हा मित्रांनो, आजपासून रोज पाच ओळी लिहा. कोणाच्या वहीत न पाहता, आपल्या मनातल्या लिहा. चुका होतील; त्यांना भिऊ नका. जो लिहितो तोच चुकतो आणि तोच शिकतो.