मॅग्नम, स्कोप आणि तुरीचं रान

शुक्रवारची रात्र. रिलीज नुकताच पार पडलेला, डोळे चुरचुरतायत आणि उद्या उशिरा उठायचं असं मनाशी पक्कं ठरवलेलं. तेवढ्यात गावाहून धाकट्या चुलतभावाचा मेसेज आला, "दादा, मॅग्नम घ्यायची म्हणतोय. स्कोप कुठला बसवू? अन् गोळ्या घरी भरता येत्यात का?"

गाव म्हणजे वाशी तालुक्यातलं, जिल्हा धाराशिव (आमच्या पिढीच्या तोंडात अजून उस्मानाबादच बसलंय). मुंबईकडच्या वाशीशी काही संबंध नाही, हे मी आयुष्यात किमान दोनशे वेळा सांगितलं असेल. :-) बालाघाटाच्या पठारावरचं रान, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा. आणि गेल्या काही वर्षांत रानडुकरं नि रोही, म्हणजे शहरी भाषेत नीलगाय. आजोबांच्या वेळेपासून घरात एकनळी बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे, हल्ली ती काकांच्या नावावर. मॅग्नमचा परवानाही काकांच्याच नावे काढायचा, असा बेत होता. कुणाकडे तरी वारसाहक्काने आलेली जुनी विलायती रायफल विकायला होती. नवी म्हणजे काय, तर आपल्याला नवी!

खरं सांगतो, झोप उडाली. इंजिनियर माणसाला हत्याराचं नाव काढलं की लगेच स्पेसिफिकेशन हवं असतं. रात्री दीडपर्यंत मी एक्सेल शीट बनवत बसलो होतो.

तर मंडळी, मॅग्नम म्हणजे काय? मोठं काडतूस, जास्त दारू, जास्त वेग. हॉलंड अँड हॉलंडचं पॉइंट ३७५ मॅग्नम १९१२ चं, आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी गाजलेलं. विंचेस्टरचं पॉइंट ३०० मॅग्नम १९६३ चं. यातली साधारण पावणेबारा ग्रॅमची (१८० ग्रेन) गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. वर स्कोप बसवायचा, त्याच्या एका 'क्लिक'ने १०० मीटरवर नेम साधारण ७ मिलिमीटर सरकतो. २०० यार्डांवर नेम जुळवला, तर ३०० यार्डांवर गोळी किती खाली येईल (वीतभर) तेही शीटने सांगितलं. मॅग्नमचा धक्का मोठा, म्हणून स्कोप डोळ्यापासून चांगला लांब बसवायचा, नाहीतर पहिल्याच बाराला भुवई फुटते.

आणि हॅण्डलोड, म्हणजे हाताने भरलेली काडतुसं. रिकामी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनच्या हिशोबात तोलायची, गोळी ठरावीक खोलीवर बसवायची. एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन, यावरून तोलण्यातला नाजूकपणा लक्षात येईल. पॉइंट ३०० मॅग्नमचा कमाल दाब ६४,००० पीएसआय धरलेला आहे. गाडीच्या टायरमध्ये आपण ३२ भरतो. म्हणजे दोन हजार पट दाब, आणि तो गालापासून वीतभर अंतरावर! तोलण्यात चूक झाली तर बग-रिपोर्ट लिहायला कोणी उरेलच असं नाही.

बरं, हा छंद आपल्याकडे कायद्यात बसतो का? परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची तेही लिहिलेलं असतं. नवी परदेशी रायफल सामान्य माणसाला आयात करता येत नाही, तो रस्ता नामांकित नेमबाजांपुरता. देशी रायफल म्हणाल तर ईशापूरच्या कारखान्याची पॉइंट ३१५. हा बोअर तरी का आला? कारण पॉइंट ३०३ हा फौजेचा बोअर आणि तो नागरिकांना बंद.

पण शस्त्र कायदा वाचताना मला खरी गंमत सापडली. १९५९ च्या या कायद्याचं तेरावं कलम काढून बघा. पीक राखायला म्हणून तिथे कुठलं हत्यार लिहिलंय? ठासणीची बंदूक! तिने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची. म्हणजे कायद्याच्या डोळ्यासमोर पीक राखणारा शेतकरी आहे तो ठासणीवाला. दारू ओतायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं. आमचा पणजा जन्मभर हॅण्डलोडच करत होता की!

असो. शीट तयार झालं, भावाला पाठवायचं होतं. पण म्हटलं, आधी रान बघून येऊ. डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. शनिवारी पहाटे पुणे सोडलं, दुपारी घरी.

काका पायरीवर बसले होते. म्हणाले, "आलास व्हय, बंदूकवाला? जा, आधी रान बघून ये."

बघितलं. शंभर वाक्यं लिहून जे कळणार नाही ते तिथे एका नजरेत कळतं. डुकरं पीक नुसतं खात नाहीत, लोळवतात. हरभऱ्याचा एक पट्टा नांगरल्यासारखा उकरून टाकलेला. तुरीच्या चार तासा मधोमध आडव्या. काकांनी बियाणं, खत, फवारणी आणि मजुरी असा हिशोब तोंडपाठ सांगितला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मला तेच जास्त लागलं. नुकसानीचा अर्ज केला होता, पंचनामा झाला होता, रक्कमही आली होती. "मिळाले की. पोत्याचे मिळाले, रानाचे न्हाई," एवढंच म्हणाले.

म्हणून शहरातल्या मित्रांना आधी एक सांगायचंय. 'बिचारी जनावरं, त्यांचं जंगल आपण घेतलं' हे वाक्य वातानुकूलित खोलीत फार छान वाटतं. ते खोटं नाही. पण त्या वाक्याची किंमत कोण भरतो? मी तर नाही भरत. २०१६ मध्ये बिहारात नीलगायी मारायला परवानगी मिळाल्यावर दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला होता, आठवतो? वाद दिल्लीत झाला आणि राखणीला रात्र काढली बिहारच्या शेतकऱ्याने.

तर रात्री आम्ही दोघे भाऊ राखणीला गेलो. बंदूक घरीच, सोबत टॉर्च, डबा आणि तेरखेड्याचे फटाके. तेरखेडा आमच्याच तालुक्यातलं, फटाक्यांच्या कारखान्यांसाठी मराठवाड्यात प्रसिद्ध. डुकरांना पहिल्या आठवड्यात फटाक्याची भीती वाटते, दुसऱ्या आठवड्यात सवय होते. भाऊ म्हणाला, "आता त्यांना दिवाळी वाटायलीय!"

अकराच्या सुमारास पलीकडच्या रानात एक उजेड हलला. मग आणखी एक. मी विचारलं, "कोण रे हे?"

"पाणी द्यायलेत. या आठवड्यात लाईट रात्रीची हाय."

आणि माझं सगळं शीट तिथे कोसळलं.

मी वेग, वारा, उंची, दाब सगळं टाकलं होतं. गोळीच्या पुढे काय आहे, हा रकानाच नव्हता. माणूस उभा राहून गोळी अगदी समांतर झाडतो असं धरा. खांद्याची उंची दीड मीटर, जमिनीला टेकायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात मॅग्नमची गोळी ४०० मीटर पार करते. नळी जरा वर झाली तर हिशोब किलोमीटरमध्ये, कमाल पल्ला चार-पाच किलोमीटर. आमच्या रानापासून तेवढ्या टापूत दोन वस्त्या, एक रस्ता, आणि रात्री मोटर चालू करायला निघालेली कितीतरी माणसं. त्यात एखादी म्हातारी, जिचा मुलगा माझ्यासारखाच पुण्यात आहे.

पाठीमागे मातीचा बांध किंवा टेकडी नसेल, तर गोळी डुकरातून आरपार जाऊनही थांबत नाही. आणि पठार म्हणजे पठार. मुरूम-दगडावर तिरकी लागली तर उसळून कुठे जाईल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही.

दुसरा मुद्दा, दिसतं काय? टॉर्चमध्ये डोळे चमकतात. ते डुकराचे, रोह्याचे, वासराचे, की काळविटाचे? काळवीट पहिल्या अनुसूचीत. १९९८ च्या काळवीट प्रकरणाने एका सिनेनटाला वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आता तर आणखी एक पाहुणा. २०२४ च्या डिसेंबरात आमच्या जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात चक्क वाघ टिपला गेला. शेकडो किलोमीटर चालत, विदर्भातल्या टिपेश्वरहून आलेला! तीनशे मीटरवरून स्कोपमधून चमकते डोळे बघून घोडा ओढणं म्हणजे टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर कोड टाकणं. फरक इतकाच की इथे रोलबॅक नाही.

मग मारायचंच नाही का? मी तसं म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातलं ११ वं कलम उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगीने मारू देतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे हा रस्ता अजून खुला आहे. लेखी परवानगी हवी, आणि मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता. म्हणजे मटणाचं स्वप्न विसरा.

माझं म्हणणं हत्याराबद्दल आहे. पीक राखायला चाळीस मीटरवर काम भागतं. त्याला काकांची बारा बोअर पुरते. छर्ऱ्यांचा जोर लवकर ओसरतो, हा इथे दोष नसून गुण आहे. आणि खरा सेटअप म्हणजे माळा. उभ्या माणसाने चाळीस मीटरवरच्या डुकरावर झाडलेला छर्रा त्याच्या मागे वीसेक मीटरवर जमिनीत जातो. साडेतीन मीटर उंच माळ्यावरून झाडला तर सहा-सात मीटरवर. चार वासे आणि एका शिडीने जे होतं ते कुठल्याही विलायती स्कोपने होत नाही. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली रायफल पॉइंट २७५ ची होती, मॅग्नम नव्हे.

भाऊ ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तुझं बरोबर हाय. पण एक सांग, मी वर्षभर राखण करू का शेती करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं प्रश्न बंदुकीचा नाहीच, तो एकट्या माणसाचा आहे. प्रत्येक शेतकऱ्याने आपापली बंदूक, आपापला परवाना, आपापली जागरणं, हे मॉडेलच चुकीचं. तालुक्याला शिकलेले, नेम तपासलेले, नोंदलेले चार-पाच नेमबाज हवेत. परवानगी गावाच्या पातळीवर लवकर मिळावी. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत हे अधिकार ग्रामपंचायत, नगरपालिकांच्या प्रमुखांना दिले. तो प्रयोग निर्दोष असेलच असं नाही, पण निदान जबाबदारी एका शेतकऱ्याच्या खांद्यावरून उतरते. आणि शेतीला वीज दिवसा मिळाली तर रात्रीच्या रानात माणसं तरी नसतील. यातली एकही गोष्ट दुकानात मिळत नाही, म्हणून आपण दुकानात मिळणारी मॅग्नम शोधतो. आणि रायफल परवडली नाही की कोणीतरी कुंपणात वीज सोडतो. त्यात माणसं मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

रविवारी निघताना काकांना म्हटलं, "काका, रायफल नको. माळा बांधू, परवानगीचा अर्ज मी नीट लिहून देतो, आणि तुरीच्या बाजूच्या जाळीच्या कुंपणाचे निम्मे पैसे माझे."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "निम्मे दे. पण माळ्यावर बसायला बी ये की मधनं-मधनं."

पुढचे तीन शनिवार बुक आहेत. एक्सेल शीट डिलीट केलं नाही, त्यात फक्त सगळ्यात वर एक रकाना वाढवलाय, 'गोळीच्या पुढे कोण?'