भाव करणं हा कमीपणा नव्हे

पहिलं घर घ्यायला निघालेल्या तरुण जोडप्याला एकच सल्ला चहूबाजूंनी मिळतो : घर नशिबात असावं लागतं, मनात भरलं की टोकन देऊन मोकळं व्हावं, दोन-तीन लाखांसाठी ताणू नये. सांगणारी बहुधा मायेची माणसं असतात, म्हणूनच हा सल्ला खोडून काढणं अगत्याचं आहे. आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार मान खाली घालून उरकायचा, ही सवय मध्यमवर्गाला फार महाग पडते आहे.

पहिला युक्तिवाद असा की, एवढ्या रकमेत दोन-तीन लाखांनी काय फरक पडतो? हिशेबच मांडू. पुणे महापालिकेच्या हद्दीत ८० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. खरेदीदार पुरुष असेल तर अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. ५ टक्के जीएसटीचे ४ लाख. भावावर जवळजवळ दहा लाख चढले. अशा कर्जात बँक किमतीच्या फार तर ८० टक्के देते आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाही. म्हणजे १६ लाख आणि वरचे सहा लाख घरातूनच उभे करायचे. त्यात वडिलांचा पीएफ असतो, मोडलेल्या ठेवी असतात, कधी आईच्या पाटल्याही असतात.

आता भाव ३ लाखांनी उतरला असं धरा. करारातली किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्याच्या, मूल्याखाली जात नसेल, तर शुल्कात २१ हजार आणि जीएसटीत १५ हजार आपोआप वाचतात. तेवढंच कर्ज कमी काढलं, तर साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांत फेडावे लागणारे सुमारे सव्वासहा लाख वाचतात. ज्याला हप्ता भरायचा आहे, त्याने या रकमेला क्षुल्लक म्हणू नये.

दुसरा युक्तिवाद सेल्स ऑफिसातला : ‘रेट फिक्स आहे, सोमवारपासून वाढणार.’ हे तोंडी विधान आहे आणि ते कागदावर तपासता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की त्या जागेच्या नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू, दिसतो. ‘मोबदला’, ‘बाजारभाव’, ‘क्षेत्रफळ’ आणि दस्ताचा दिनांक हे रकाने वाचा, मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा. मजला आणि पार्किंगचा फरक धरूनही त्याच इमारतीतले दर वेगवेगळे निघाले, तर फिक्स रेटचा दावा तिथेच संपला. नव्या प्रकल्पासाठी महारेराचं संकेतस्थळ आहेच. किती सदनिकांचं बुकिंग झालं, पूर्णत्वाची तारीख कोणती, मुदतवाढ घेतली का, जमिनीवर बोजा वा खटला आहे का, हे तिथे पाहता येतं. निम्म्या सदनिका पडून असताना ‘शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत’ असं कोणी म्हणालं, तर घाई कोणाला आहे हे उघड होतं.

तिसरं आमिष मॉड्युलर किचनचं, सोन्याच्या नाण्याचं, ‘शून्य मुद्रांक शुल्का’चं. अशा योजनेत शुल्क सरकार सोडत नाही. बिल्डर ते भरतो आणि तो खर्च भावात धरलेला असतो. भेट नको, तेवढा भाव करारात उतरवा, असं स्पष्ट सांगावं.

चौथं आमिष सर्वांत घातक, आणि ते बहुधा रिसेलमध्ये पुढे येतं : ‘थोडी रक्कम रोखीत द्या, भाव कमी करतो.’ स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी तोटा घेणाऱ्याचाच. करारातली किंमत घटली की कर्ज घटतं, पुढे घर विकताना खरेदीची किंमत कमी दिसल्याने कर वाढतो, आणि व्यवहार फिसकटला तर दिलेल्या रोख रकमेचा पुरावा नसतो.

उलट टोकाचा सल्लाही तितकाच फसवा : निम्म्या भावापासून सुरुवात करा. रिसेलमध्ये समोर बहुधा आपल्यासारखंच एखादं कुटुंब असतं. त्यांनी जपलेल्या घराला मनाला येईल तो आकडा सांगणं हा अपमान आहे, आणि त्यानंतर बोलणी पुढे सरकत नाहीत. आपला आकडा कशावरून आला, हे सांगता आलंच पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं की, भाव करणं म्हणजे पुराव्यानिशी आणि अटींसह आपला प्रस्ताव लेखी मांडणं. त्यासाठी आधी कर्जाचं मंजुरीपत्र हातात घ्यावं. पैसा तयार असलेल्या गिऱ्हाइकाचा शब्द वजनदार असतो. दर रेरातल्या कार्पेट क्षेत्रावरच मोजावा. पार्किंग, क्लब हाउस, देखभालीची आगाऊ रक्कम हे सगळं धरून एकच आकडा ठरवावा. भाव उतरत नसेल तर हप्त्यांचे टप्पे आणि ताब्याची तारीख यांवर बोलावं. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ठणकावून सांगावं. रिसेलमध्ये विसार पावतीवरच लिहून घ्यावं की कर्ज नामंजूर झालं, मूळ दस्तांची साखळी तुटलेली निघाली किंवा सोसायटीचं ना हरकत पत्र मिळालं नाही, तर विसार पूर्ण परत मिळेल. ही ओळ मिळवणं लाखभर रुपये कमी करून घेण्याइतकंच मोलाचं आहे.

आणि आपली शेवटची रक्कम घरी बसून, हप्ता आणि महिन्याचा खर्च मांडून, आधीच ठरवावी. नमुना फ्लॅटच्या दिवाणखान्यात ती ठरवू नये. विकणाऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे, तसा घेणाऱ्यालाही नमस्कार करून उठण्याचा हक्क आहे. तो वापरायची तयारी असेल तरच बोलणी बरोबरीची होतात. पुढची वीस वर्षं ज्याच्या पगारातून हप्ता कापला जाणार आहे, त्याने हप्ता किती असावा यावर तोंड उघडलंच पाहिजे.