मगरींचे हल्ले : नदीकाठ ते रुग्णालय हे अंतर कमी करण्याची गरज

पावसाळ्याच्या तोंडावर ओडिशातील केंद्रपाडा, गुजरातमधील वडोदरा आणि महाराष्ट्रातील सांगली परिसरातून मगरींच्या बातम्या येऊ लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर वडोदऱ्यात शिरला, तेव्हा मगरी थेट नागरी वस्त्यांत आढळल्या होत्या. हल्ला झाला की लोकांचा संताप, वन विभागाची धावपळ आणि मदतीची घोषणा असा क्रम ठरलेला असतो. मात्र जखमी व्यक्तीला योग्य उपचार किती वेळात मिळाले आणि तिला मुळात त्या पाण्यात का उतरावे लागले, हे प्रश्न मागेच राहतात.

या संघर्षाला संवर्धनाच्या यशाची पार्श्वभूमी आहे. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे मगरी नामशेष होण्याच्या मार्गावर असताना १९७५ मध्ये देशव्यापी मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. त्या वेळी भितरकनिकात खाऱ्या पाण्यातील मगरींची संख्या शंभराच्याही आत होती. आज ती सुमारे १,८०० आहे. भारतात मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि घडियाल या तीन प्रजाती आढळतात. त्यांपैकी पहिल्या दोन माणसासाठी धोकादायक आहेत. अमेरिकेतील ॲलिगेटर हा त्यांचाच दूरचा नातलग असून अशा जखमांविषयीचे बरेचसे वैद्यकीय ज्ञान फ्लोरिडासारख्या राज्यांतील अनुभवातून आले आहे.

मगरीचा चावा हा केवळ दातांचा व्रण नसतो. जबड्याच्या दाबाने हाडे व स्नायू चिरडले जातात आणि भक्ष्य धरून ती स्वतःभोवती गिरकी घेते, तेव्हा अवयव तुटण्याचा धोका असतो. त्यामुळे रक्तस्राव रोखणे हे पहिले काम. स्वच्छ कापडाने जखमेवर थेट व सलग दाब द्यावा. त्यानेही हातापायातील रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या बाजूस पट्टा घट्ट आवळून बांधावा आणि वेळ लिहून ठेवावी. हळद, चुना वा राख लावू नये.

जीव वाचल्यानंतरचा धोका जंतुसंसर्गाचा असतो. मगरीच्या तोंडात आणि नदीच्या पाण्यात ‘एरोमोनास’सह अनेक प्रकारचे जिवाणू असतात. एरोमोनासवर ॲमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची प्रतिजैविके बहुधा निष्प्रभ ठरतात. म्हणून लहान दिसणारी जखमही भरपूर पाण्याने धुणे, मृत ऊती काढणे, धनुर्वाताची लस देणे आणि नमुना तपासून प्रतिजैविक निवडणे आवश्यक ठरते. खोल जखम लगेच शिवून बंद केल्यास संसर्ग आत कोंडला जातो. ती काही दिवस उघडी ठेवून नंतर शिवणे अधिक सुरक्षित. मगर विषारी नसते आणि सरपटणाऱ्या प्राण्यांपासून रेबीज होत नाही. त्यामुळे सर्पदंशाचे किंवा रेबीजचे उपचार शोधण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. ही माहिती नदीकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली, तर अनेकांचे हातपाय वाचू शकतील.

प्रतिबंधाचा विचार करताना ‘लोकांनी सावध राहावे’ एवढा सल्ला अपुरा आहे. पहाटे, संध्याकाळी व रात्री पाण्यापासून दूर राहणे, विणीच्या काळात घरट्यांजवळ न फिरकणे हे खरेच. पण ज्या घरात नळ आणि शौचालय नाही, तेथील महिलेला नदीवर जाण्यावाचून पर्याय नसतो. मासेमार आणि पशुपालकांची स्थितीही वेगळी नाही. श्रीलंकेत नदीतील स्नानाच्या जागेभोवती ‘किंबुल कोटुवा’ नावाचे मजबूत कुंपण घालण्याची जुनी पद्धत आहे. भितरकनिकाच्या परिसरातही वन विभागाने घाटांना असे अडसर केले आहेत. फ्लोरिडात ॲलिगेटरला खाऊ घालणे बेकायदा आहे, कारण अन्न मिळू लागले की त्याची माणसाविषयीची भीती संपते. आपल्याकडे मात्र मांसाचे अवशेष आणि मृत जनावरे नदीत टाकली जातात.

वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी केंद्राने साहाय्याची रक्कम डिसेंबर २०२३ मध्ये पाच लाखांवरून दहा लाख रुपये केली. कुटुंबाला आधार देणारा हा निर्णय योग्यच आहे. परंतु तो दुर्घटनेनंतरचा आहे. मगर कायद्याने संरक्षित आहे आणि नदी हेच तिचे घर आहे. तेव्हा वन, आरोग्य आणि पाणीपुरवठा या तिन्ही विभागांनी धोक्याची गावे मिळून निश्चित करणे आणि तेथे नळ, कुंपणाचे घाट व सज्ज आरोग्य केंद्र एकत्रितपणे पोहोचवणे, हाच टिकाऊ मार्ग ठरतो.