व्हॉल्व्हचा गोडवा आणि आपले कान

नवे ते सगळे चांगले, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ वर्षे होती. आता तिच्या उलट दुसरी समजूत मूळ धरू लागली आहे : जुने तेच अस्सल. घरच्या स्टिरिओला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोडण्याची हौस हे तिचे ठळक उदाहरण. आजोबांच्या पिढीने ट्रान्झिस्टर येताच व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर टाकले. आज त्याच व्हॉल्व्हसाठी हौशी मंडळी प्रसंगी लाखांनी रुपये मोजतात. 'व्हॉल्व्हचा आवाज उबदार, ट्रान्झिस्टरचा कोरडा' हे वाक्य तर मंत्रासारखे म्हटले जाते. त्या मंत्रात तथ्य किती आणि रुबाब किती, हे तपासावे म्हणून हा लेखप्रपंच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील सातवीपर्यंत शिकलेले; तालुक्याच्या गावी त्यांचे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान आहे. आता तिथे मिक्सर आणि पंखेच अधिक येतात, पण शाळा सुटल्यावर मी वाढलो तो सोल्डरिंगच्या वासात. तेव्हा वाङ्मयावर बोलायला मी अजून बिचकत असलो, तरी या विषयावर दोन शब्द बोलण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेला काचेचा दिवा. १९०४ साली फ्लेमिंग यांनी त्याचे पहिले रूप सिद्ध केले आणि १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी आत एक जाळी बसवली. तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन निघतात आणि पलीकडच्या पट्टीकडे धावतात. मधल्या जाळीवरचा क्षीण विद्युतसंदेश या धावण्याला लगाम घालतो किंवा ढील देतो. त्यामुळे क्षीण संदेशाची मोठी प्रतिकृती मिळते. परंतु या कामाला शेकडो व्होल्टचा दाब लागतो, उष्णता भरपूर निघते आणि स्पीकरशी जुळवून घ्यायला बहुधा एक जड ट्रान्सफॉर्मर लागतो. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढे हा सारा संसार आटोपशीर झाला.

मग व्हॉल्व्हचा आवाज वेगळा लागतो की नाही? पुष्कळदा लागतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. साध्या घडणीच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये मूळ स्वरात थोडी भर पडते आणि ती मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची असते. संगीताच्या भाषेत सांगायचे तर मध्य सप्तकातल्या षड्जात तार षड्जाची हलकी छटा मिसळते. ती बेसूर लागणार कशी? शिवाय आवाज कुवतीपलीकडे वाढवला, तर व्हॉल्व्ह सहसा हळूहळू थकतो; ट्रान्झिस्टर एकदम फाटतो. आणखी एक गोष्ट म्हणजे अशा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड थोडी सैल असते. त्यामुळे स्पीकरच्या स्वभावाप्रमाणे काही स्वर उठतात, काही दबतात. या सगळ्याला आपण 'ऊब' म्हणतो.

पण ही ऊब म्हणजे भर आहे, हे विसरता कामा नये. चहात वेलदोडा घातला तर चहा रुचकर होतो. म्हणून वेलदोड्याचा चहा तेवढाच खरा, बाकी सारे गढूळ पाणी, असे कोणी म्हणू लागला तर त्याला काय म्हणावे?

या बाबतीत दोन परीक्षा ध्यानात घेण्यासारख्या आहेत. १९७८ साली 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात जेम्स मॉयर यांनी एका चाचणीचा वृत्तान्त दिला. क्वाड कंपनीचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि तिचेच दोन ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर जाणकारांना न दाखवता ऐकवण्यात आले होते. त्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाहीत. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी आपल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये फेरफार करून एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची नक्कल साधली. 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना तो फरक पकडता आला नाही. म्हणजे चांगले घडवलेले यंत्र, मग ते व्हॉल्व्हचे असो वा ट्रान्झिस्टरचे, एकमेकांच्या फार जवळ येते. आणि व्हॉल्व्हचा म्हणून जो गोडवा सांगतात तो काचेविनाही आणता येतो.

तरीही कोणाला व्हॉल्व्ह हवाच असेल, तर आधी आपले स्पीकर पाहावेत. ३००बी या नामांकित व्हॉल्व्हच्या एकट्याच्या जोरावर चालणारा ॲम्प्लिफायर सुमारे ८ वॉट देतो. एक वॉटला ९६ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरला ते घरात पुरून उरतात. परंतु ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तेवढाच आवाज हवा, तर दहापट, म्हणजे ८० वॉट लागतील. हे गणित न करता ॲम्प्लिफायर आणणे म्हणजे बैलगाडीच्या बैलाला मालमोटार ओढायला लावणे. त्याहीआधी खोली पाहावी. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो. तिथे एखादे जाजम, जाड पडदा, पुस्तकांचे कपाट, आणि कोपऱ्यातून थोडा पुढे ओढलेला स्पीकर एवढ्याने जे साधते, ते नुसता ॲम्प्लिफायर बदलून क्वचितच साधेल.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. एका सधन गिऱ्हाइकाचा परदेशी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर वडिलांनी दुरुस्त केला आणि आम्ही दोघे तो त्यांच्या बंगल्यावर पोचवायला गेलो. गाणे सुरू झाले. ते गृहस्थ म्हणाले, "यातली खुमारी तुम्हा लोकांना कळायची नाही." वडील काही बोलले नाहीत. थोडा वेळ ऐकून ते एका स्पीकरमागे वाकले आणि लाल-काळ्या तारांची अदलाबदल केली. दोन्ही स्पीकर उलटसुलट जोडलेले असल्यामुळे खर्जच नाहीसा झाला होता. तबल्याचा बायाँ आता कुठे बोलू लागला.

'तुम्हा लोकांना' हा शब्द यंत्राविषयी नव्हता. रसिकता ही किमतीने येते किंवा घराण्याने येते, असा त्याचा अर्थ होता. माझा विरोध व्हॉल्व्हला नाही, या अर्थाला आहे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका व्हॉल्व्हच्या यंत्रांवरच मुद्रित झाल्या. त्या यंत्रांचा जो काही गुण असेल तो मुद्रिकेतच उतरला आहे. आज त्या साध्या मोबाइलवर ऐकतानाही खाँसाहेबांचा सूर काळजाला भिडतो. त्यासाठी ऐकणाऱ्याची मिळकत कोणी विचारीत नाही.

व्हॉल्व्हच्या बाजूने मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तो दुरुस्त होतो. बिघडलेला व्हॉल्व्ह खाचेतून उपसावा, नवा बसवावा. बाकीची जोडणीही पुष्कळदा उघड्या डोळ्यांना दिसते. एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपलेच व्हॉल्व्ह बनत. आज ते मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. आजचे कितीतरी ॲम्प्लिफायर बिघडले की सरळ भंगारात जातात. कारागिराच्या हाताला वाव देणारे यंत्र मला केव्हाही आवडेल. मात्र बंद केल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून ते जाणकारानेच उघडावे.

तेव्हा मित्रहो, व्हॉल्व्ह जरूर घ्या, पण घेण्याआधी एवढे करा. दोन्ही ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवा, आवाजाची पातळी मोजून सारखी करा, बदलाबदली दुसऱ्याकडून करवा आणि मग ऐका. तरीही व्हॉल्व्हच आवडला तर बेलाशक "मला हा आवडला" म्हणा. "हाच खरा, तुम्हाला तो कळत नाही" असे मात्र म्हणू नका. ॲम्प्लिफायर वडिलोपार्जित असू शकतो; कान ज्याचे त्यानेच तयार करायचे असतात.