कॉकपिटमधला कांदा

मंडळी, या वीकान्ताला पुन्हा विमान. ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी सरळ पुढच्या शनिवारी यावं :-)

फिनिक्सला हलकं विमान उडवायला शिकतोय असं घरी कळवलं, तेव्हा अकोल्याहून आईचा पहिला प्रश्न पडण्या-बिडण्याबद्दल नव्हता. "एसी असतो का रे त्यात?" नसतो, आई. आमच्या सेसना १७२ मध्ये काचेच्या वरच्या कोपऱ्यांत ओढायच्या दोन नळ्या असतात, त्यातून बाहेरचा वारा येतो. तोही विमान पळत असेल तर. धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं राहिलात की संपलं. वर काच, खाली तापलेलं डांबर, कानावर हेडफोनच्या गाद्या. उन्हात ठेवलेल्या बरणीतल्या लोणच्याला काय वाटत असेल ते कळतं.

मागच्या जुलैची गोष्ट. दुपारचे तीन, ४३ अंश. डियर व्हॅली विमानतळावर पाचवी चक्कर चालली होती. टॉवरने सांगितलं २५ लेफ्ट. मी तोंडाने अगदी व्यवस्थित "२५ लेफ्ट" म्हटलं आणि विमान सरळ २५ राइटच्या रेषेत नेऊ लागलो. शेजारच्या धावपट्टीवर दुसरं विमान उतरत होतं. इन्स्ट्रक्टरने शांतपणे कंट्रोल हातात घेतला. खाली आल्यावर म्हणाला, "शेवटचं पाणी कधी प्यायलास?" सकाळी नाश्त्याला! कारण उघड आहे, विमानात बाथरूम नसतं. सगळेच कमी पितात. त्यात इथली हवा इतकी कोरडी की घाम येतोय हे कळतच नाही, जागच्या जागी वाळतो.

मुद्दा असा की, उकाडा हा आरामाचा प्रश्न आहे असं आपण समजतो. शिकणाऱ्यांमध्ये तर तक्रार करणं कमीपणाचं वाटतं. "सवय होईल" हे पालुपद. मला हे साफ चूक वाटतं. हापिसातल्या सर्व्हरची खोली तापली की रात्री दोनला फोन खणखणतात, आणि इथे विमान चालवणारा मेंदू तापला तर सहन करायचं? पोटापुढे अडकवलेला आयपॅड बरा, ३५ अंशांच्या पुढे त्याची हमी नाही, आणि फार तापला की नकाशासकट स्वतःहून बंद पडतो. निदान प्रामाणिक आहे. आपण बंद पडलोय हे आपल्याला कळत नाही, मोठी गोची तीच.

आणि विमानालाही ऊन लागतंच. डियर व्हॅली समुद्रसपाटीपासून १,४७८ फुटांवर. ४३ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ती उंची ५,२०० फुटांच्या आसपास जाते. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरून उडायचं! पंख, पंखा, इंजिन, सगळेच दमतात. धाव लांबते, चढण मंदावते. जून २०१७ मध्ये तर पारा ४८ च्या वर जाणार म्हणून फिनिक्सहून छोट्या जेटची चाळीसेक उड्डाणं रद्द झाली होती. जेटवाले रद्द करतात, आणि आम्ही म्हणे सवय करून घ्यायची.

उपाय भरपूर ऐकले. काही जण बर्फाची पेटी आणि त्यावर पंखा असला जुगाड मागच्या सीटवर बांधतात. चालतो, पण वजन वाढतं, तेही नेमकं विमान अशक्त असताना. कोरडा बर्फ मात्र चुकूनही नको, बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो. मानेवर ओला पंचा उत्तम. खिडकी तर १७२ मध्ये हवेतही उघडता येते. उंच गेलं की दर हजार फुटांना दोन-तीन अंश कमी होतात, पण लँडिंगचा सराव करणारा हजार फुटांच्या वर जातोच कुठे?

खरा उपाय घड्याळात आहे. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचला सूर्य वर येतो. साडेपाचला चाकं सुटली पाहिजेत आणि आठला विमान परत जागेवर. पण ते स्लॉट आधीच भरलेले, आणि आमच्यासारख्या नोकरदारांच्या गळ्यात दुपार. मी त्या प्रसंगानंतर दुपारचा स्लॉट सरळ नाकारायला लागलो. लायसन्स चार महिने लांबलं. इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, सोबतचे दोघे मात्र हसले. हसोत बापडे.

आजी उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशात कांदा टाकायची. त्याने ऊन लागायचं थांबत नाही हे मलाही माहीत आहे. पण बाराच्या आत घरी ये, हेही तीच सांगायची. गेल्या शनिवारी पाच वाजता बॅगेत लिंबू-मीठ-साखरेच्या दोन बाटल्या टाकल्या, आणि हो, एक कांदाही. रॅम्पवर बॅगा मोजताना इन्स्ट्रक्टरने तो उचलून विचारलं, हा वजनात धरायचा का?


धरला. शंभर ग्रॅम.